थांबाभाऊ आणि एकोणसत्तर

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचत होते. निवृत्तीनंतर अंध विद्यार्थ्यांच्या ध्वनिग्रंथालयात मी पाठ्यपुस्तकं वाचून देत असे. दार किलकिलं झालं, एक टक्कल आत आलं आणि म्हणालं, "थांबा बाई. पंखा बोलतोय." पंखा बंद करून टक्कल निघून गेलं. मला तीन पानं पुन्हा वाचावी लागली. मनातून चिडले होते. पण आधीचं ध्वनिमुद्रण ऐकलं तर पंखा खरंच माझ्यापेक्षा खणखणीत बोलत होता.

सगळे त्याला थांबाभाऊ म्हणत. मूळचा तो रेडिओ दुरुस्त करणारा. सर्व्हर सांभाळायला पुस्तकं वाचून शिकला. "थांबा" म्हटल्याशिवाय त्याचं कुठलंच काम सुरू होत नसे. "हे घोरायच्या आधीसुद्धा थांबा म्हणतात," असं त्याची बायको सांगे.

एका वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर सर्व्हर भरला. भूगोलाचे शेवटचे चार धडे चढेनात, आणि परीक्षा परवावर. बाहेरच्या तंत्रज्ञानं फोनवर सांगितलं, सगळं पुसून नव्यानं बसवा, तीन दिवस लागतील.

"म्हणजे पेपर दिल्यावर धडे ऐकायचे मुलांनी," थांबाभाऊ म्हणाला. "थांबा. डिस्कवर जागा पडून आहे, आपला कप्पा तेवढा लहान आहे. तो लांबवू."

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" आमच्या सचिवबाई म्हणाल्या. "बिघडलं तर?"

"बॅकअप आहे."

"मग चिंता कसली?"

"तो परत चढवायलाही तीन दिवसच."

सचिवबाईंनी कपाळाला हात लावला. पण नको म्हणाल्या नाहीत.

थांबाभाऊनं आकडा लिहिलेला कागद मला दिला. "बाई, मी नजर पडद्यावरून काढणार नाही. तुम्ही आकडा सांगायचा." कप्प्याची जुनी नोंद खोडायची आणि नवी, जास्त लांबीची लिहायची, असं ते काम होतं. आतली ध्वनिमुद्रणं जागची हलत नाहीत. पण नव्या कप्प्याची सुरुवात जुन्याच आकड्यावर हवी. एक अंक चुकला की यंत्राला आतलं काही सापडणार नाही.

त्यानं जुनी नोंद खोडली. मी घसा साफ केला आणि वर्गात श्रुतलेखन घालावं तशी सुरुवात केली. "एकोणसत्तर. एकोणऐंशी. सदतीस. ब्याण्णव."

त्या खोलीत यंत्रांची घरघर होती. त्यानं टकटक केलं. हात पुढच्या कळीकडे गेला.

"लिहिलंत ते वाचून दाखवा," मी म्हणाले. चाळीस वर्षांची सवय.

"सात, नऊ, सात, नऊ..."

"थांबा!"

दोघंही दचकलो. एकोणसत्तरला 'सत्तर' ऐकू येतं आणि हात सातावर जातो. चौथीच्या वह्यांत ही चूक मी किती वेळा लाल शाईनं गोल केली असेल, देव जाणे. त्यानं आकडा पुसला. कानाची पाळी लाल झाली होती.

"बाई, सुटे अंक सांगा. मला चौथीतून पुन्हा बसवा हवं तर."

"सहा, नऊ. सात, नऊ. तीन, सात. नऊ, दोन."

त्यानं दोनदा वाचून दाखवलं, मग कळ दाबली. आतली मांडणी नव्या जागेत पसरायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात सचिवबाई चार वेळा दारात येऊन गेल्या, आणि चारही वेळा तो "थांबा" म्हणाला. मग त्यानं हेडफोन कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि मग माझ्या कानाला लावला. माझाच आवाज होता, नदीचा त्रिभुज प्रदेश समजावून सांगणारा. माझा जीव भांड्यात पडला. सचिवबाईंनी तर खुर्चीत बसून चक्क डोळे पुसले.

संध्याकाळच्या आत चारही धडे चढले. एका मुलीनं फोनवर विचारलं, शेवटचा धडा एवढा घाईघाईनं का वाचलाय. मी कबूल केलं, त्या दिवशी मला बस गाठायची होती.

पुढच्या वर्षी थांबाभाऊला ग्रंथालयानं निवृत्त केलं आणि पंधरा दिवसांत परत बोलावलं. आता तो मंगळवार ते शनिवार येतो. साडेदहा ते पाच.