केसपेपरावर न लिहिलेलं लेकरू

माझ्या मुलीचं अक्षर बिघडलं तेव्हा ती सातवीत होती. त्याआधी मास्तर तिच्या वह्या वर्गात फिरवून दाखवायचे. मग ओळी खाली उतरू लागल्या, पेन हातातून निसटू लागलं, आणि त्याच मास्तरांनी तिच्या बोटांवर पट्टी मारली. मीही दोन धपाटे घातले, ते आधीच सांगून टाकते. अभ्यास टाळायला बहाणे करते, असं मला वाटलं होतं. आणीबाणी उठली त्या वर्षीची ही गोष्ट.

नाकाडोंगरीत आमचं किराण्याचं दुकान होतं. नवरा दुकान सोडून हलू शकत नाही हे घरात ठरूनच गेलेलं, त्यामुळे दवाखाने माझ्या वाट्याला आले. तुमसरच्या डॉक्टरांनी जंताचं औषध आणि टॉनिक दिलं. भंडाऱ्याला फिटच्या गोळ्या मिळाल्या. फिट तिला एकदाही आली नव्हती. तोवर तिची लाळ गळू लागली होती, आणि बोलणं तोंडात भाताचा घास धरून बोलल्यासारखं झालं होतं. नागपुरात एका मनाच्या डॉक्टरांनी तिच्यासमोरच मला समजावलं की या वयात मुली लक्ष वेधून घ्यायला असं करतात, लग्न झालं की सुटतं. तुमच्या घरी लग्नाआधी कोणाची लाळ गळत होती का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला.

दोन वर्षं अशी गेली. नागपूरच्या बसमध्ये शहापूर मागे पडलं की ती विचारायची, आज कोणता डॉक्टर? कधी घशाचा, कधी डोक्याचा, कधी मलाच ठाऊक नसायचं. कोणत्या डॉक्टरकडे जायचं हे सांगणारा डॉक्टर कुठे बसतो, ते कोणत्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं. शेजारणी आधी विचारपूस करायच्या, पुढे आपल्या मुलींना आमच्याकडे पाठवेनाशा झाल्या. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्याकडे मामाची मुलगी सून करून आणायची रीतच आहे. आत्याही म्हणू लागली, पोरीच्या जातीसाठी किती फिरशील. त्या दोन वर्षांत मी कोणाशी मनातलं बोलले असेन असं आठवत नाही. रडायची सोयसुद्धा मी एस.टी. स्टँडच्या नळावर तोंड धुताना करून घ्यायची.

केसपेपर काढताना पहिला प्रश्न ठरलेला असायचा, मुलं किती? मी सांगायची, ही एकच. खोटं बोलतेय असं मला कधी वाटलं नाही. माझा मोठा मुलगा नवव्या वर्षी काविळीनं गेला, तेव्हा ही अडीच वर्षांची होती. आत्यानं त्याच आठवड्यात त्याचे कपडे, पाटी, गोट्या, सगळं वाटून टाकलं. गेलेल्या लेकराचा विषय जित्या लेकरापुढे काढायचा नाही, काढला की ते त्यालाही ओढून नेतं, असं आमच्या घरात मानत. मीही मानत होते. पोरगी आजारी पडल्यावर तर मी ते जास्तच घट्ट पाळलं, आणि डॉक्टरांपुढे ती कायम माझ्या शेजारीच असायची.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक शिकाऊ डॉक्टरीण होती. दुपार टळून गेली होती, तिच्या टेबलासमोर रांग होती. मान वर न करता तिनं विचारलं, "बाळंतपणं किती?"

मुलं किती, असं तिनं विचारलं नाही. बाळंतपणं माझ्या अंगावरून गेलेली होती. तिथे मला एक म्हणता येईना. मी दोन म्हटलं. तिनं मान वर केली आणि दुसरं लेकरू कुठे आहे ते विचारलं. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. कावीळ झाली, पोट फुगलं, गेला, एवढं मी कसंबसं सांगितलं. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं आणि नवरा नात्यातला आहे का म्हणून विचारलं. आत्याचा मुलगा, मी म्हणाले.

मग सगळं भराभर झालं. ती स्वतः पोरीचा हात धरून तिला डोळ्यांच्या विभागात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांना अंधाऱ्या खोलीतल्या यंत्रातून बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसलं. त्यांनी आम्हाला आठवड्यातून एकदाच येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं की या आजारात अन्नातलं तांबं शरीराबाहेर पडत नाही, आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. दोष अर्धा आईकडून येतो, अर्धा बापाकडून, आणि नात्यात लग्न झालं की दोन्ही अर्धे जुळायची भीती जास्त. मुलगाही बहुतेक त्यानंच गेला असावा. आवाज जराही न चढवता ते म्हणाले, "बाई, हे दोन वर्षांआधी सांगितलं असतं तर हिचं बोलणं वाचवता आलं असतं."

आत्या तिला रोज सकाळी तांब्याच्या गुंडातलं, त्या लहान हंड्यातलं, पाणी पाजायची, तब्येतीला चांगलं म्हणून. घरी पोचल्याबरोबर मी तो गुंड उचलून अडगळीत टाकला. आत्या आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. औषध मुंबईहून मागवावं लागे, ते जन्मभराचं होतं. वर्षभरात पोरीचा हात स्थिरावला, ओळी पुन्हा सरळ आल्या. ती जगणार हे डॉक्टरांनी सांगितलं. बोलणं मात्र परत आलं नाही. परक्या माणसाला तिचं अर्धंच कळे.

त्या दुपारनंतर तिनं भावाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. एकदा तपासणीहून परतताना बसमध्ये अचानक म्हणाली, "त्याले लपवलं काहून?"

"तुले भेव वाटू नये म्हणून," मी म्हटलं.

तिनं रुमालानं तोंड पुसलं. तिचं वाक्य दोनदा अडलं, तिसऱ्यांदा तिनं ते नेटानं पूर्ण केलं. "मले वाटे, घरात हे मले एकटीलेच झालं."

इतकी वर्षं मी स्वतःलाच एकटी समजत होते. तिला एकटं मीच ठेवलं होतं.