मामांचा लांडगा

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांना एका जागी बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या जत तालुक्यात शोधून सापडायचा नाही. जन्म मेंढरांमागं गेलेला. दरसाल कळप घेऊन इस्लामपूरकडं उतरायचं, बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि उजाडलं की पुढचं रान धरायचं. मेंढरं बसतात, मामा बसत नाहीत. सांगलीत आमच्या घरी आले तरी चहा उंबऱ्यात, उभ्यानं, आणि दोन घोटांच्या मध्ये प्रश्न चालूच. बायको करवादते, "मामा, खुर्चीला काय काटे आहेत का?" तर म्हणतात, "बसलं की पायाला मुंग्या येत्यात, पोरी."

मामांना एचआयव्ही आहे. गुडघेदुखी सांगावी तितक्या मोकळ्या आवाजात ते हे एसटीतसुद्धा सांगतात; लाजायचं काम आमच्यावर सोडून देतात. मी पडलो शाळेत विज्ञान शिकवणारा, त्यामुळं सरकारी दवाखान्यातून निघाले की रिपोर्ट घेऊन थेट माझ्याकडं. एकदा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "मामा, सीडी फोर पेशी म्हणजे शरीराचे सैनिक." मामांनी तिथंच उडवून लावलं. "सैनिक सुट्टीवर गावाकडं येत्यात, पाव्हणं. कुत्री म्हणा. कळपाच्या कुत्र्याला सुट्टी नसती." झालं! तेव्हापासून विषाणू म्हणजे लांडगा, व्हायरल लोड म्हणजे रानात लांडगे किती, आणि रोजची गोळी म्हणजे गोफणीचा दगड. तपासणीत विषाणू सापडत नाही असा रिपोर्ट आला तेव्हा मी पेढे आणायला निघालो होतो, तर मामांनी दारातच अडवलं. "सापडत न्हाई म्हंजे मेला न्हाई. डोंगरात दडलाय. दगुड थांबला की आला खाली." रेझिस्टन्स म्हणजे काय, तेही त्यांनी आपल्या पद्धतीनं बसवून टाकलं. दगड कधी मारला, कधी नाही मारला, की लांडगा तो चुकवायला शिकतो. मग त्याला गोफणीचं भय राहत नाही. दवाखान्याच्या रांगेत मागच्यापुढच्या सगळ्यांना हे ऐकावं लागे.

एकदा पेपरात नव्या औषधाच्या चाचणीची बातमी होती. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं तसं दिसणारं, आणि कुणाला काय दिलंय हे डॉक्टरलाही माहीत नसतं, असं मी समजावलं. मामा भडकले. "डॉक्टरलाबी ठावं न्हाई? मग त्यो खुर्चीत बसून करतोय काय?" खुर्चीत बसणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत मुळातच बरं नाही.

आणि अशा माणसाचा व्हायरल लोड गेल्या साली एकदम चढला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकल्यात. मामा आमच्या गल्लीत येरझारा घालत राहिले आणि मी त्यांच्यामागं. शेवटी बोलले, "मेंढरांच्या तळावरचा जोडीदार हाय माझा. त्येलाबी ह्योच रोग. एकदा तपासून आला, फिरून दवाखान्याकडं बघंना. लाजतोय. मग एक दिस गोळी त्येला, एक दिस मला."

माझं डोकंच फिरलं. "अहो मामा, दगड चुकवायला लांडग्याला तुम्हीच शिकवताय! आणि दोघांच्याही कळपात!"

"कळतंय वं सगळं. पर तळावर एकाचं मीठ सरलं तर दुसरा आपल्यातलं निम्मं देतो. हितं माणूस डोळ्यांदेखत वाळाय लागलाय, आन म्या एकट्यानं गिळू?"

दुसऱ्याच दिवशी मी मामांना घेऊन परत डॉक्टरांकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने एकही गोळी न चुकवता घ्या. मग लोड उतरला तर हेच औषध चालू ठेवू, नाहीतर पुढचं बघावं लागेल. आणि त्या जोडीदाराला घेऊन या. ते महिने मामांनी कसे काढले ते त्यांच्या वहाणांना विचारावं. रिपोर्टाच्या दिवशी जोडीदार आला खरा, पण फाटकाजवळच्या लिंबाखाली फतकल मारून बसला तो हलेचना. मी म्हटलं, "मामा, आधी तुमचा रिपोर्ट तरी घेऊ. औषध चालतंय का नाही ते कळू दे." मामांनी मान हलवली आणि मातीतच त्याच्या शेजारी बसले. "त्यो आत जाईल तवा मी."

बसले म्हणजे बसलेच. प्रश्न नाही, लांडगा नाही, कुत्री नाहीत. सावली सरकली, रांग संपत आली, तरी मामा गुडघे पोटाशी घेऊन गप्प. शेवटी जोडीदारच धोतर झटकत उठला. "ऊठ गड्या. तुला असं बसल्यालं बघवंना मला."

मामांचा लोड उतरला होता. जोडीदाराच्याही गोळ्या सुरू झाल्या, आणि आता दोघं मिळूनच सांगलीला येतात. जोडीदार आमच्या खुर्चीत ऐसपैस बसतो, मामा उंबऱ्यात उभे. हल्ली त्यांचे पाय सुजतात, मेंढरं विकायची भाषाही अधूनमधून निघते. परवा चहाची वाट बघताना ते जोडीदाराशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. बायकोनं ते पाहिलं आणि घाईघाईनं कप उंबऱ्यातच नेऊन त्यांच्या हातात दिला. मामांना बसलेलं बघायची आमच्यात कुणाचीच छाती नाही.