अंगणातलं एफ्लुव्हियम

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. पनवेलला खाडीकडच्या वस्तीत खोली घेऊन मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो. घरमालकीण म्हातारी, मिठागरवाल्यांच्या घरातली. वैशाखात तिने पावसाळ्याच्या बेगमीचा जवळा, म्हणजे इवल्याशा कोळंबीचा ढीग, आमच्या सामाईक अंगणात वाळत घातला, आणि माझ्या संसाराला घरघर लागली.

वास? छे! बिऱ्हाडकरूच तो. आमच्याआधी उठायचा, अंघोळ न करता माझ्या पाटावर बसायचा. धुतलेलं धोतर मेलेल्या माशासारखं अंगाला चिकटायचं. दुधावर साय धरायची तीही खवल्यांची. कावळ्यासारखे कावळे, पण आमच्या अंगणाला वळसा घालून पलीकडच्या कोन गावाला जेवायला जायचे!

बायकोला तिसरा महिना. आमचं घर कांद्यालासुद्धा बिचकणारं. ती सकाळी मोरीत ओकायला बसायची ती दुपारीच उठायची. शेवटी तिने ट्रंक भरली. "उद्या हे उचललं नाही तर मी माहेरी चालले. बाळंतपण झालं तरी परत यायची नाही."

मी डिक्शनरी काढली. असल्या घाणीला मराठी पुरेना. सापडला शब्द: एफ्लुव्हियम! कुजक्या वस्तूतून किंवा अंगातून निघणारा, न दिसणारा प्रवाह. जुने डॉक्टर म्हणत, रोग ह्यातूनच पसरतात. लोहचुंबकातूनही असलंच काही वाहतं, असं एके काळी विद्वानांना वाटे. कारखान्याच्या सांडपाण्याचं इंग्रजी नाव ह्याच्याच भाऊबंदांतलं. पुढे तर केस गळण्यालाही डॉक्टर हेच म्हणू लागले. माझे सगळे त्याच वैशाखात गेले.

छाती फुगवून म्हातारीपुढे उभा राहिलो. "आजी, तुमच्या अंगणातून एफ्लुव्हियम निघतंय."

"आन् ता काय रं, मास्तर?"

"घाण वास! माझ्या बायकोला तुमच्या जवळ्याचा वास लागतो. पोटुशी आहे ती."

म्हातारीने कपाळावर हात मारला. "आरं मेल्या, मंग आदी नाय का सांगाचा? पोटुशीला वास लागला आन् आमी चव नाय दिली, त माजे घराला पाप लागंल!"

गर्भारणीच्या नाकाला लागलं ते तिच्या मुखी गेलंच पाहिजे, हा त्या घरचा कायदा. तक्रार करायला गेलेला मी मागणी नोंदवून आलो होतो! संध्याकाळी वाडगा आला. जवळा, कैरी, वर लालभडक तवंग आणि शेकडो काळे डोळे, सगळे माझ्याकडे बघणारे. मी नाक दाबून मोरीपाशी उभा, ओतून द्यायच्या तयारीने.

बायकोने बोट बुडवलं. चाटलं. मग वाडगाच जवळ ओढला.

"अहो," ती म्हणाली, "भात उरलाय का?"

माहेर राहिलं. ट्रंक रिकामी झाली आणि पावसाआधी पुन्हा भरली, जवळ्याने. तळाशी माझा शाळेचा एकुलता एक कोट होता. तो सबंध पावसाळा मी अंगात एफ्लुव्हियम घालून इंग्रजी शिकवलं. पहिला बाक कायम मोकळा.