शेकड्यामागे पाच

मी मूळचा साताऱ्याकडचा आणि जन्माचा भित्रा. नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा आमच्याकडची मंडळी म्हणाली, "चला, आता तरी धीट होशील." झालो नाही. त्यामुळे माझ्या पहिल्या नागपूरवारीची हकिगत सांगताना तलाव, टेकड्या आणि बाजारपेठा कमी येतील, भीतीच जास्त येईल. वाचकांनी तेवढं सोसून घ्यावं.

मार्च संपत आला होता. आम्ही तिघे पहाटे निघालो. मी, माझ्या चौथीच्या वर्गातली वच्छला आणि तिचे वडील देवराव. आमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला नदीपलीकडच्या गावी जावं लागे आणि मुलींना तिकडे कोणी धाडत नसे. चौथी झाली की मुलगी संत्र्याच्या बागेत तोडणीला जायची, हा तिथला रिवाज. नागपुरात मुलींची एक शाळा होती, राहणं-जेवण फुकट, पण तोंडी परीक्षा घेऊनच मुली घेत, आणि परीक्षा मुख्यतः गणिताची. मी देवरावांना मोठ्या तोऱ्यात सांगून बसलो होतो, "पोरगी पास होणारच." ते शांतपणे म्हणाले होते, "झाली तं चांगलंच हाये जी. नाही झाली तं मंग बागेत लावतो तिले. मंग शायेचं नाव नोको." त्या दिवसापासून माझी झोप उडाली ती उडालीच.

फाट्यापर्यंत दीड तास पायी जायचं होतं. देवरावांच्या डोक्यावर संत्र्यांचं पोतं होतं. "हे कशाला?" मी विचारलं. "खाली हातानं कसं जावं जी, गुरुजी? पाहुण्याच्या घरी जाऊन राहिलो आपण." परीक्षकांच्या दारात पोतं घेऊन उभं राहिलं तर त्याला काय म्हणतील, या विचाराने मला उजाडायच्या आधीच घाम फुटला.

एसटीत जागा मिळाली. बाहेर बागा मागे पडत होत्या, विहिरींवरची इंजिनं फटफटत होती. मला त्यातलं काही धड दिसत नव्हतं. आकडेमोडीत वच्छी वाघीण होती. वीसपर्यंतचे पाढे उलटे म्हणायची. तिचं घोडं अडायचं ते शाब्दिक उदाहरणांत. आकड्यांभोवती माणसं आली की ती माणसांचीच चौकशी करत बसे.

"एक माणूस ताशी पाच किलोमीटर वेगाने चालतो," मी सुरुवात केली. "तीन तासांत तो किती अंतर चालेल?"

ती म्हणाली, "थो चालून काहून राहिला गुरुजी?" (काहून म्हणजे कशासाठी.)

"ते विचारायचं नसतं."

"वाटेत सावली हाये का पण? उन्हाचं तिसऱ्या तासाले एवढं नाही चालवत."

"सावली आहे," मी कळवळून म्हणालो. "सगळीकडे झाडं आहेत. सांग आता."

"पंधरा," ती लगेच म्हणाली.

आता परीक्षक काही प्रत्येक उदाहरणात झाडं लावून देणार नव्हते. काटोल सुटलं आणि वच्छीला उलटी झाली. वेग, गुणोत्तर, प्रमाण, वर्षभर शिकवलेलं सगळं खिडकीबाहेर गेलं असं मला वाटलं. देवरावांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, एक संत्रं सोलून तिच्या नाकाशी धरलं. ते माझ्याकडे एकदाही बघत नव्हते, याचीच मला जास्त धास्ती वाटली.

नागपूर लागलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, आणि सायकल रिक्षांचा असा लोंढा की साताऱ्याच्या माणसाने डोळे मिटून घ्यावेत. स्टँडवर उतरताच मी वच्छीचं मनगट घट्ट धरलं. पोर हरवली तर गणिताचा प्रश्नच मिटला, हा विचार एकदा मनात आला तो काही केल्या जाईना. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "गुरुजी, हात दुखून राहिला."

पोटात काही असावं म्हणून एका हॉटेलात शिरलो. पाटीवर 'सांबारवडी' लिहिलेलं वाचून मी ती मागवली, आणि मद्राशी सांबाराची वाट बघत बसलो. आली ती कोथिंबीर ठासून भरलेली तळलेली गुंडाळी. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. सोबत लाल तर्रीचे पोहे. मालक माझ्याकडे बघत होता.

"खा ना गुरुजी. काहून भेऊन राहिले? तर्री तिखट नाही इतकी."

"तर्रीला नाही भीत," मी म्हणालो. "हिची परीक्षा आहे."

"मंग तिनं भ्यावं ना!" तो हसला. वच्छी मात्र दुसरी वडी खात होती. मी आपले पोहे तसेच ठेवले.

शाळा महाल नावाच्या जुन्या वस्तीपलीकडच्या एका गल्लीत होती. वाटेत घराघरांतून हातमागांचा खटखटाट ऐकू येत होता आणि माझी छाती त्याच तालावर चालली होती. पोतं मी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली ठेवायला लावलं. मुलींबरोबर आलेल्यांनी व्हरांड्यात बसावं, मध्ये बोलू नये, अशी सक्त ताकीद मिळाली. खिडकी उघडी होती. आत एक पोक्त बाई आणि एक चष्मेवाले गृहस्थ बसले होते. वच्छीचं नाव पुकारलं गेलं आणि मी खिडकीशी सरकलो.

पहिला प्रश्न वेगाचा होता. बस ताशी चाळीस किलोमीटर धावते, अडीच तासांत किती जाईल? मी डोळे मिटून घेतले. ही आता विचारणार, वाटेत कोणाला उलटी झाली का. पण ती म्हणाली, "शंभर." मी श्वास सोडला.

"शाबास. आता हे बघ," बाई म्हणाल्या. "एका बागवानाने दोन व्यापाऱ्यांना मिळून पाचशे संत्री दिली. दोनास तीन या प्रमाणात. प्रत्येकाला किती मिळाली?"

प्रमाणात ती कधी चुकत नसे. त्यात संत्री म्हणजे घरचंच उदाहरण. मी देवरावांकडे बघून हसलोसुद्धा.

"एकाले दोनशे दहा," वच्छी म्हणाली, "अन् दुसऱ्याले तीनशे पंधरा."

"पुन्हा सांग," बाई म्हणाल्या. तिने पुन्हा तेच सांगितलं, तेवढ्याच ठामपणे. गृहस्थांनी मान हलवली. मला व्हरांडा गरगर फिरताना दिसला. सोपं, अगदी सोपं उदाहरण, आणि त्यावर पोरीचं सगळं आयुष्य बागेत जाणार.

"असं कसं केलं हिने?" मी पुटपुटलो.

"काहून? बराबर तं सांगतलं," देवराव म्हणाले. "शेकड्यामागं पाच वर टाका लागते ना जी. वाटेत नासते थे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्याकडे व्यापाऱ्याला शंभर संत्री मोजून दिली की नासक्यांपोटी पाच वर टाकायची, ही पद्धत. न टाकणाऱ्याला गावात नावं ठेवतात. पाचशेवर पंचवीस वर, मग दोनास तीन. पोरीने सगळं चोख केलं होतं, फक्त परीक्षकांना ते ठाऊक नव्हतं. आत बाई म्हणत होत्या, "ठीक आहे, जा तू बाळ."

मी आयुष्यात कधी कुणाच्या मध्ये बोललो नव्हतो. त्या दिवशी दारात कसा पोचलो, मला आठवत नाही.

"कोण आपण? बाहेर थांबायला सांगितलं होतं ना?"

"मी हिचा मास्तर. बाई, एवढंच... तिला संत्री सोडून दुसरं काहीही विचारा."

आता मलाही हाकलतात आणि हिलाही, असं मी धरूनच चाललो होतो. बाईंनी हळूच विचारलं, "बरं. पाचशे वह्या. दोनास तीन."

"दोनशे अन् तीनशे."

"मग संत्र्यांच्या वेळी काय झालं?"

"वह्या नासत नाही ना, बाई."

गृहस्थ खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला जवळ बोलावून सगळी पद्धत विचारून घेतली. "आणि वरची पाच नासलीच नाहीत तर?" "तं त्यायचा फायदा," वच्छी म्हणाली. "आपलं नाव तं खराब नाही झालं." बाई उठून व्हरांड्यात आल्या आणि देवरावांना म्हणाल्या, "जूनमध्ये घेऊन या हिला."

मी आनंदाने देवरावांकडे वळलो. त्यांचा चेहरा पार उतरला होता. पोरगी नापास होईल ही भीती माझ्या एकट्याची होती. त्यांची दुसरीच होती आणि ती आता खरी झाली होती.

परतीच्या एसटीत वच्छी देवरावांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. बाहेर उन्हं कलत होती. काटोलच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "गुरुजी, एक गनित सांगा. समजा, संध्याकायी पोट्टीले ताप भरला. शायेनं तार केली. मी कितीले पोचन तिच्याजवय?"

मी मनात हिशेब केला. तार दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला गावात. पायी फाट्यावर साडेतीन. चारची एसटी. "साडेसात वाजतील," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवशी."

त्यांनी बोटांवर तास मोजले. "अन् फाट्यापर्यंत पयत गेलो तं?" (पयत म्हणजे धावत.)

धावून काही उपयोग नव्हता, हे मला दिसत होतं. पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघून माझ्याने ते बोलवेना. "अर्धा-पाऊण तास वाचेल," मी म्हणालो.

"मंग पयतच जाईन मी," देवराव म्हणाले.

वच्छीने डोळे उघडले नाहीत. वडिलांचा हात तेवढा तिने दोन्ही हातांत धरला.

"नोको पयू, बा," ती म्हणाली. "एसटी चारलेच येते."