घागरीवरचं नाव

घागर घासायला चिंच भिजवली आणि त्या आंबट वासानं शिंदखेड्याचं अंगण आठवलं. तेव्हा मी शाळेत जात होते. आई गेल्यावर आलेली नवी आई दिवाळीआधी आईची हीच पितळी घागर घासत होती. तिच्यावर कोरलेले मोर झळाळले, वेलबुट्टी उजळली. काठाखाली ठिपक्यांनी कोरलेलं आईचं नाव तेवढं काळंच राहिलं.

"तेवढंच का सोडलंस?" मी रागानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ती मान खाली घालून म्हणाली.

हिला आईचं नावच नकोय, असं मला वाटलं.

आता तीही नाही. आज मी ब्रशनं ठिपकेसुद्धा लख्ख केले, तर त्या झगझगाटात नाव वाचताच येईना. मग बोटावर काजळ घेतलं आणि एकेक ठिपका पुन्हा काळा केला.