पंपाला दाखवलेला नैवेद्य

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. मेकॅनिकल इंजिनीअर, रोह्याला कंपनीत मेंटेनन्सला आहे. हे मी कुणी न विचारताही सांगते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. "मशीन फिरतंय, पन ओढत नाय गो."

मशीन म्हणजे दूध काढायचं. आईचं मनगट दुखावलं तेव्हापासून चारही म्हशी त्याच्यावरच होत्या. सुट्टी टाकून मी गावी, जित्याला, घरी गेले.

अंगणात काका बसलेले. "सांजपर्यंत नाय चाललं तर म्हशी देऊन टाकू. वहिनीच्या हातानं आता होनार नाय." आई गोठ्याकडे बघत राहिली.

मी मशीनचा हवा ओढणारा पंप उघडला. आतला रोटर जरा एका बाजूला बसवलेला असतो आणि त्याच्या खाचांत सैल पाती असतात. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जातात आणि भिंतीला घासत हवा ओढतात. इथं सगळी पाती खाचांत रुतून बसलेली. डिझेलनं धुतलं, तरी हलेनात. बोटाला काळं, चिकट काहीतरी लागलं. वास घेतला, तर गोडसर.

"आई, काल पूजा कशी केलीस?"

"कशी म्हंजे? नळी काढून पुसलं, कुंकू लावलं, फूल वाहिलं. तोंड उघडं दिसलं, मग नैवेद्य नको दाखवायला?"

"दाखवायचा ना! भरवायचा कशाला?"

"रोज राबतंय ते. गुळाचा खडा दिला तर काय झालं?"

काकांना हसता हसता ठसका लागला. "आता सांग इंजिनीरबाई, हाय काय याला पुस्तकात औषध?"

"हाय ना. गूळ डिझेलात विरघळत नाय. तुम्ही उठा, पाणी तापवा."

काका खरंच उठले. गरम पाण्यानं पाती एकेक करून सुटली. ती ओळीनं ताटात मांडली, खाचा चिंधीनं कोरड्या केल्या, तेल दिलं आणि प्रत्येक पातं ज्याच्या त्याच्या खाचेत बसवलं.

संध्याकाळी पंप लावला. नळीच्या तोंडावर हात ठेवला, तर तिनं माझा तळवाच धरून ठेवला! आईनं मशीन म्हशीला जोडलं आणि नळीतून दूध धावलं. काका म्हशीच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "ऱ्हाऊ दे, नाय विकायच्या."

माझे हात तेलानं बरबटलेले, म्हणून आईनं गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. पंपाकडे मात्र तिनं नुसते हात जोडले.