पाच बायांचं वजन

मी मापाची बाई. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून डोक्यात एकच भरलेलं, की हाताला काय वाटतं ते सांगू नका, पारा कुठे आहे ते सांगा. म्हणून आमच्या जीपची ट्यूनिंग कुठे करायची यावर घरात वाद सुरू झाला, तेव्हा मला त्यात वाद घालण्यासारखं काही दिसेचना. मशीन असताना अंदाज कशाला?

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. मी मध्य प्रदेशात, रामाकोन्याजवळच्या एका उपकेंद्रावर नर्स होते आणि आमच्या यजमानांकडे मिलिटरीच्या लिलावातली जुनी पेट्रोल जीप होती. एरवी ते सौसर-मोहगाव सवारी मारत, हंगामात संत्र्याच्या टोपल्या वाहत. एखादी बाळंतीण अडली की तिला छिंदवाड्याला न्यायचं कामही आमच्याच जीपकडे येई, कारण आसपास दुसरी गाडीच नव्हती. आणि छिंदवाडा म्हटलं की मध्ये सिल्लेवानीचा घाट आलाच.

त्या घाटाच्या तिसऱ्या वळणावर एकदा जीप उकळली. मागे शेतमजुरी करणारी वीस वर्षांची पोरगी होती, पहिलटकरीण. इंजिन थंड होईपर्यंत पाऊण तास आम्ही तिथे उभे होतो. मी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके मोजत होते आणि मोजता मोजता ते थांबले. पोरगी वाचली, बाळ गेलं. तिच्या वस्तीवरच्या कोणीही आम्हाला बोल लावला नाही. पण ह्यांनी त्या दिवसापासून पेशंट घेणं बंद केलं. "मी आपल्या टोपल्याच नेतो," म्हणाले. जेवायचे, बोलायचे, हसायचेसुद्धा, पण गाडी चालवताना मागच्या बाकाकडे कधी बघायचे नाहीत. आरसासुद्धा वर वळवून ठेवलेला. मला ते बघवत नव्हतं.

सौसरच्या डॉक्टरांनी मार्ग काढला. जीप न थांबता घाट चढते एवढं जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातल्या साहेबांना दाखवा, म्हणजे तिला पेशंटच्या कामावर लावून घेतो, असं त्यांनी सांगितलं. हे आधी नाही म्हणाले. मग दोन दिवसांनी स्वतःच जीपचं बॉनेट उघडून बसलेले दिसले. मी चहा नेऊन दिला.

माझा मामेभाऊ नागपुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये होता. तिथे इंजिन लोखंडी बैठकीवर बसवत, त्याला पाण्याचा ब्रेक लावत आणि त्याची ताकद किती ते काट्यावर वाचत. "ताई, स्क्रू अर्धा आटा फिरवला तरी काटा हलतो," असं तो म्हणाला आणि मी तिथेच विरघळले.

दुसऱ्या बाजूला होते पांढुर्ण्याचे मिस्त्री. नदीकाठी, पलीकडे सावरगाव दिसतं त्या बाजूला त्यांचं टिनाचं गॅरेज. ह्यांना गाडी चालवायला त्यांनीच शिकवलेलं, त्यामुळे गाडीच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे आमच्या घरात कोणाचं चालत नसे. ते म्हणाले, "इंजन कायले काढता? घाटात चढवू, ऐकू, मंग पाहू."

मी ह्यांना विचारलं, तुमच्या मिस्त्रींच्या कानाला काटा आहे का?

आठ दिवस भांडण चाललं आणि मी जिंकले. भांडणात मी सहसा हरत नाही.

इंजिन उतरवलं, पोत्यात गुंडाळलं आणि छोट्या लाइनच्या रेल्वेने नागपूरला धाडलं. परत आलं ते चकाचक होऊन, सोबत टाइप केलेला कागद. किती फेऱ्यांना किती ताकद, ठिणगीचं टायमिंग किती, सगळं रकान्यांत. मी तो कागद उपकेंद्रात लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावला. सपाट रस्त्यावर जीप अशी पळाली, की लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांना शीळ घालताना ऐकलं.

मग माणसं भरून घाटात नेली. पहिल्याच चढावर इंजिनमधून टकटक सुरू झाली, आतून कोणी दार ठोठावतंय तशी. तिसरं वळण येण्याआधीच बॉनेटमधून वाफ. ह्यांनी जीप कडेला घेतली, उतरले आणि एका दगडावर जाऊन बसले. मी जवळ जाऊन म्हटलं, "माझं चुकलं." हे वाक्य मी ह्यांना आयुष्यात दोनदाच म्हटलं आहे. दुसऱ्या वेळी चूक ह्यांची होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बसने आले. मला वाटलं, आता हा म्हातारा मला सोलून काढणार. त्यांनी आधी कागद मागितला, चष्मा लावला आणि ओळ न ओळ वाचली.

"कागद चांगला हाय बाई. नागपूरचा पोट्टा हुशार हाय तुमचा. एक सांगा, थ्या मशीनवर इंजनले पानी कोठून येत होतं?"

"नळाचं. सारखं वाहतं असतं."

"मंग घाटात नळ हाय का?"

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"हे मोकळ्या इंजनचं माप हाय. आता भरल्या गाडीचं घेऊ. कागद फेकू नका, याच आकड्यावरून टायमिंग मांगं सरकवू."

गाडी भरायची कशाने? मी रेतीची पोती सुचवली, अगदी वजन करून. मिस्त्रींनी मान हलवली. "पोतं वळनावर झुकत नाही, मानूस झुकते. मानसंच पायजेत. पेशंटसंगं जेवढे जाते तेवढे."

पेशंट, तिची सासू, तिची माय, दाई आणि एखादी शेजारीण. झाल्या पाच. मी वस्तीवर निरोप दिला. बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असे, तर त्या दिवशी पाच बाया ठेवणीतली लुगडी नेसून, भाकरी बांधून हजर. त्यांच्यात ती पोरगीही होती. मी तिला बाजूला घेतलं आणि तू नको म्हटलं.

ती म्हणाली, "बसू द्या बाई. थे वळन मले माहीत हाय."

मी तिला परत बायांत जाऊ दिलं. पाचही जणींना उपकेंद्रातल्या काट्यावर उभं करून वजनं तेवढी लिहून घेतली. सवय जात नाही.

चार बाजार हेच चाललं. मिस्त्री पुढे बसून डोकं बाहेर काढत. टकटक ऐकू आली की जीप थांबवत, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवत, खडूने खूण करत आणि पुन्हा पायथ्यापासून सुरुवात करायला लावत. पंख्याला मोठी पाती बसवली, मागच्या चाकांवरच्या कमानीत एक लोखंडी पाटा वाढवला. वर पोचलं की प्लग काढून बघत. पांढरा निघाला तर इंजिन तापून राहिलं, काळा निघाला तर पेट्रोल जास्त होऊन राहिलं. दुधाच्या चहाचा रंग आला पाहिजे, असं त्यांनी मला समजावलं. एकदा म्हणाले, "बाई, पोटाले लावता थे नळी द्या जरा." मी नाही म्हटलं. मग दिली. त्यांनी ती चालू इंजिनला लावून डोळे मिटले, आणि हे शेजारी उभे, खोलीबाहेर बाळंतिणीचा नवरा उभा राहतो तसे. मला हसू आलं आणि ह्यांच्याबद्दल फार माया वाटली.

मागे बाया गाणी म्हणत, भाकरी खात, रस्त्यात कोणी भेटलं की आमची गाडी तयार होऊन राहिली म्हणून सांगत. तिसरं वळण आलं की ती पोरगी मात्र डोळे मिटून घ्यायची. चौथ्या बाजारी जीप न थांबता वर गेली.

मग जिल्ह्याचे साहेब आले. आल्या आल्या म्हणाले, "पहले खाली चलाओ."

खाली, म्हणजे रिकामी चालवून बघावी हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलेलं नव्हतं, मिस्त्रींच्याही नाही. टायमिंग, पेट्रोल, पाटे, सगळं पाच बायांच्या वजनाला बसवलेलं. ह्यांच्याशेजारी साहेब एकटेच बसले. जीप खोकली, काळा धूर सोडला आणि पहिल्याच खड्ड्यात अशी उडाली, की साहेबांचं डोकं ताडपत्रीच्या दांडीवर आपटलं. परत आले तेव्हा त्यांनी खिशातून पेन काढलं होतं.

"इसमें मरीज़ ले जाओगे?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्या दगडावर बसलेला चेहराच पुन्हा माझ्यासमोर होता.

बाया जीपला निरोप द्यायला म्हणून आल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी पुढे झाली. "साहेब, गाडी कोनासाठी हाय? आमच्यासाठीच ना? मंग आमाले बसवून पाहा." साहेबांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. बाया तोवर आपापल्या जागी बसल्यासुद्धा होत्या. पुढे ह्यांच्या आणि मिस्त्रींच्या मध्ये साहेब चेपून बसले. मी मागे, त्या पोरीशेजारी.

जीप निघाली. धूर नाही, टकटक नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. बायांनी आज गाणं म्हटलं नाही. तिसऱ्या वळणावर मी पोरीकडे बघितलं. तिचे डोळे उघडे होते. ती बाहेर, आम्ही उभे होतो त्या जागेकडे बघत होती. वळण मागे पडलं तसा तिने माझा हात धरला. तेवढ्यात ह्यांनी एका हाताने आरसा खाली वळवला आणि मागच्या बाकाकडे बघितलं.

वर पोचल्यावर साहेबांनी बॉनेटवरच कागद ठेवून सही केली.

पुढच्या वर्षी, संत्री उतरत होती त्या दिवसांत, तीच पोरगी त्याच बाकावरून छिंदवाड्याला गेली, आता पेशंट म्हणून. मी नळी लावून ठोके मोजत होते. तिसरं वळण कधी गेलं मला कळलंसुद्धा नाही. परत येताना जीपमध्ये एक माणूस जास्त होतं.

मिस्त्रींना सांगायला आम्ही दोघं मुद्दाम जीप घेऊन पांढुर्ण्याला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, फडक्याला हात पुसले आणि विचारलं, "वजन किती हाय?"

"पावणेतीन किलो," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून खडू काढला आणि जाऊन जीपचं बॉनेट उघडलं. "वाढलं ना मंग," म्हणाले. "पाहा लागन."